पाळणाघराचा खर्च कुणी उचलायचा?

बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली की नोकरदार घरांत एक हिशेब मांडला जातो. एका बाजूला आईचा पगार, दुसऱ्या बाजूला पाळणाघराची फी, रिक्षाचं भाडं, दुधाचा डबा, आणि बाळ आजारी पडलं की होणाऱ्या बिनपगारी रजा. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीत दिवसभराच्या पाळणाघराला महिन्याला सहा-सात हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मोजावे लागतात. आईला पंचवीस हजार मिळत असतील, तर येण्याजाण्याचा खर्च धरून हातात उरतं ते इतकं थोडं, की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "एवढ्यासाठी बाळाचे हाल कशाला? दोन-तीन वर्षं सोड नोकरी."

या हिशेबात फी वजा होते ती आईच्या पगारातून. मूल दोघांचं, पण ते सांभाळण्याचा खर्च तिच्या नोकरीच्या खाती लिहिला जातो. मग तिची नोकरी परवडत नाही असं ठरतं. दोन-तीन वर्षांनी ती परत निघते, तेव्हा जुनी जागा भरलेली असते, सोबतच्या मैत्रिणी दोन पायऱ्या वर गेलेल्या असतात आणि तिची भविष्यनिर्वाह निधीची वर्षंही तुटलेली असतात. त्या दोन-तीन वर्षांची किंमत मात्र कुठल्याच हिशेबात धरलेली नसते.

पगाराची पावती ज्यांच्या हाती येते त्या घरांतली ही गोष्ट झाली. जिथे पगार रोजचा आणि रोख असतो, तिथे हिशेब आणखी कडक असतो. आज कामावर गेलं नाही तर आज चूल पेटत नाही. त्यामुळे नोकरी सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मूल कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न असतो, आणि त्याची उत्तरं फार थोडी असतात: म्हातारी सासू, शेजारीण, आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी, किंवा कामाच्या जागी टांगलेली झोळी.

मूल सांभाळण्याचा खर्च कधीच टळत नाही. सरकारनं भरला नाही, मालकानं भरला नाही, तर तो आई भरते, आजी भरते, थोरली बहीण शाळा सोडून भरते किंवा ते मूल स्वतः आपल्या तब्येतीनं भरतं. तो आपल्याकडे आजवर कुणी भरला आणि यापुढे कुणी भरावा, हा या लेखाचा विषय आहे.

गिरणीतल्या आया आणि बाळगोळी

मुंबईत कापड गिरण्यांचा जोर होता, त्या १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण एक-पंचमांश बायका होत्या. रिळं आणि गुंडाळणीच्या खात्यांत त्या दिवसभर उभ्या असत. चाळीतल्या खोलीत तान्हं मूल असे. ते दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफू घातलेली गोळी चाटवली जाई, तिला बाळगोळी म्हणत. त्या काळात गिरणी कामगार बायांच्या ज्या वैद्यकीय पाहण्या झाल्या, त्यांत ही सवय जवळपास सर्रास असल्याची नोंद आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. मुलाला सांभाळायला कुणी नव्हतं आणि गिरणीचा भोंगा थांबत नव्हता. सांभाळणाऱ्या माणसाची जागा गोळीनं घेतली आणि किंमत मुलांच्या शरीरानं मोजली.

ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगानं १९३१ च्या अहवालात गिरण्यांना पाळणाघरांची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात ती सक्ती झाली. सुरुवातीला पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्याला ती लागू होती, १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला गेला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर खोली, प्रशिक्षित बाई, दूध किंवा खाणं, आणि आईला अंगावर पाजण्यासाठी कामातून सुट्टी, असं सगळं या कायद्यात होतं.

कायदा चांगला होता, पण त्यात एक खोट होती. जबाबदारी कामावरच्या बायकांच्या संख्येवर ठरत होती. ज्या मालकाला पाळणाघराचा खर्च नको, त्याच्यासमोर सोपा मार्ग होता: बायकांची संख्या आकड्याच्या आत ठेवायची, किंवा त्यांना ठेकेदाराच्या हजेरीपटावर टाकायचं. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका पुढच्या दशकांत झपाट्यानं कमी होत गेल्या आणि सत्तरच्या दशकापर्यंत त्यांचं प्रमाण अगदी किरकोळ उरलं. यंत्रं बदलली, रात्रपाळीवर बंदी होती, अशी त्याची इतरही कारणं आहेत. पण बाई कामावर ठेवली की खर्च वाढतो, हे गणित मालकांच्या डोक्यात पक्कं बसवण्यात या पद्धतीच्या कायद्यांचाही हात आहे.

पन्नासाची अट

ही खोट २०१७ मध्ये थोडी भरून निघाली. मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. इथे मोजायचे ते सगळे कर्मचारी, नुसत्या बायका नव्हेत. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याची मुभा आहे. नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला हे सगळे लाभ लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कळवण्याचं बंधनही या दुरुस्तीनं घातलं. सामाजिक सुरक्षा संहितेत पाळणाघराची हीच तरतूद पुढे आली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सांगितलं आहे, आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवायलाही वाव ठेवला आहे.

हिंजवडी, खराडी, ऐरोली, अंधेरीच्या कार्यालयांत काम करणाऱ्या हजारो बायकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मोठ्या कंपन्यांनी आवारातच पाळणाघरं उघडली, काहींनी जवळच्या खासगी पाळणाघराशी करार केला. पण फी कुणी भरायची हे कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. त्यामुळे कुठे कंपनी पूर्ण खर्च उचलते, कुठे अर्धा, आणि कुठे 'करार केला आहे, दर हे आहेत' एवढ्या पत्रावर भागवलं जातं. सोय कागदावर असते आणि फी पुन्हा आईच्या पगारातून जाते.

दुसरी अडचण रजेच्या पगाराची. सव्वीस आठवड्यांचा पगार आपल्याकडे बहुतांश मालकानंच द्यायचा असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या बाईला तो त्या निधीतून मिळतो. जिथे सगळा भार एका मालकावर पडतो, तिथे लहान उद्योजक तरुण विवाहित बाईला मुलाखतीतच टाळतो. बाळंतपण आणि बालसंगोपन हा साऱ्या समाजाचा खर्च मानला असता, तर तो सामाईक निधीतून गेला असता आणि कुणाला नोकरी द्यायची हे ठरवताना तो आड आला नसता.

सरकारी नोकरीत थोडी ऐसपैस जागा आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, महाराष्ट्र शासनानं २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. पण रजा म्हणजे पाळणाघर नव्हे. ती संपते, मूल मात्र लहानच असतं. आणि आयकरात पाळणाघराच्या फीसाठी स्वतंत्र वजावट नाही. जुन्या करपद्धतीत प्ले-स्कूलच्या शिकवणी शुल्काला वजावट मिळते. म्हणजे दोन तासांच्या गाण्या-खेळांचा खर्च शिक्षण ठरतो, आणि ज्या नऊ तासांमुळे आईला तो कर भरण्याजोगं कमावता येतं, त्यांची करकायद्यात दखलच नाही.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष झाले, ते योग्यच झालं. पण त्या गोष्टीत आपण कड्यावरून उतरणाऱ्या आईचं कौतुक करून थांबतो. जिच्या घरी तान्हं बाळ आहे अशा बाईला संध्याकाळी गडाखाली जाता येईल अशी व्यवस्था हवी होती, हे कुणी म्हणत नाही. आजही आपण आईच्या जिद्दीवर व्याख्यानं देतो आणि दरवाजाच्या वेळा तशाच ठेवतो.

ज्यांना कुठलाच मालक नाही

आतापर्यंतची सगळी चर्चा पन्नास माणसांच्या आस्थापनेची झाली. पण या देशातल्या बहुतेक कष्टकरी बायका अशा आस्थापनेत नाहीतच. धुणीभांडी करणारी बाई पाच घरी जाते. तिचे मालक पाच, आणि त्यांतल्या एकावरही तिच्या मुलाची जबाबदारी येत नाही. घरकामगारांसाठी राज्यात २००८ च्या कायद्यानं कल्याण मंडळ झालं, पण सकाळी सात ते दुपारी दोन तिचं दीड वर्षाचं मूल कुठे असतं, हा प्रश्न तसाच राहिला. वस्तीतल्या एखाद्या मावशीकडे महिन्याला काही पैसे देऊन ते ठेवलेलं असतं. त्या मावशीकडे आणखी सात-आठ मुलं असतात आणि खोली दहा बाय दहाची. घरी बसून विड्या वळणारी, पापड लाटणारी, कपड्यांना बटणं लावणारी बाई तर मांडीजवळ मूल ठेवूनच काम करते. तंबाखूची धूळ दोघांच्याही छातीत जाते.

बांधकामावर चित्र आणखी उघडं आहे. वाघोली असो, पनवेल असो, नाशिकचा बाह्यवळण रस्ता असो, जिथे इमारत उठते तिथे तळमजल्यावर दोन खांबांना साडी बांधून झोळी केलेली दिसते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासांहून अधिक महिला कामगार असलेल्या ठिकाणी मुलांसाठी खोली सांगितली. पण काम तुकड्या-तुकड्यांनी पोटठेकेदारांना दिलेलं असतं आणि एका हजेरीपटावर पन्नास बायका क्वचितच असतात. याच कायद्याच्या जोडीनं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लागू झाला आणि तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. महाराष्ट्रात या निधीत हजारो कोटी रुपये जमले. त्यातून शिष्यवृत्त्या, विवाहाला अर्थसाहाय्य, सुरक्षा संच, भांड्यांचे संच असं बरंच काही दिलं जातं. भांडी उपयोगी असतातच. पण वाळूच्या ढिगाशेजारी रांगणाऱ्या मुलाला आधी सुरक्षित खोली हवी, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्या मुलाच्या आईबापांच्या घामातूनच जमलेला आहे.

असं पाळणाघर चालवता येतं, हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. दिल्लीत १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मातीत पडलेली मजुरांची मुलं पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये तिचं काम मुंबईत आलं, पुढे पुण्यातही तारा मोबाइल क्रेशेसनं ते चालवलं. इमारत पूर्ण झाली की मजूर पुढच्या साइटवर जातात, तसं पाळणाघरही जातं. बिल्डरनं जागा, पाणी, वीज आणि खर्चाचा वाटा द्यायचा, संस्थेनं ताया आणि आहार द्यायचा, अशी ही रीत. तिथल्या मुलाचं वजन भरतं, लसी वेळेवर होतात आणि थोरली बहीण शाळेत जाते. मात्र ही रीत बिल्डरच्या मर्जीवर आणि देणगीदारांच्या पैशावर उभी आहे, आणि साइट्सची संख्या पाहता फारच थोड्या मुलांपर्यंत पोचते.

उसाच्या फडात तर अशी सोयही नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत खाडा परवडत नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते, तेव्हा तान्हं मूल कोपीत किंवा फडाच्या कडेला पाचटावर निजवलेलं असतं. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा झाल्या, पण तीन वर्षांखालच्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याला सांभाळायला थोरली मुलगी सोबत येते, आणि मग तिच्यासाठी गावात असलेल्या वसतिगृहाचाही उपयोग होत नाही. धाकट्याचं पाळणाघर नसल्यामुळे थोरलीची शाळा जाते, इतकं हे सरळ आहे.

अंगणवाडीचे चार तास

महाराष्ट्राला या विषयात मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचं काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, या विचारातून ताराबाईंनी अंगणवाडी घडवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी देशभराची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव रूढ झालं. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. पाड्यापर्यंत, तांड्यापर्यंत पोचलेली एवढी मोठी व्यवस्था दुसरी नाही.

पण अंगणवाडी आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षणासाठी उभारली गेली. आईच्या कामाचे तास डोळ्यांसमोर ठेवून नव्हे. ती साधारण चार तास चालते. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे बसतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, मूल मात्र घरीच. बाई शेतावर सकाळी आठला जाते आणि संध्याकाळी पाचला परतते. बाराला अंगणवाडी सुटल्यावर चार वर्षांच्या मुलाला घरी कोण नेणार आणि दीड वर्षाच्याला सकाळपासून कोण पाहणार?

यासाठी केंद्राची पाळणाघर योजना होती. २००६ पासून ती राजीव गांधी यांच्या नावानं चालली. एका केंद्रात पंचवीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस. पुढे फीसुद्धा ठरली: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला २० रुपये, दोघांचं मिळून बारा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर १००, त्यावर २००. उत्पन्न पाहून फी, बाकीचा भार सरकारचा. तत्त्व अगदी योग्य होतं. घात केला तो पैशाच्या वाटणीनं. आधी केंद्र नव्वद टक्के देत असे. २०१७ पासून केंद्राचे साठ, राज्याचे तीस आणि संस्थेचे दहा टक्के असं ठरलं. राज्यांनी हात आखडता घेतला, हप्ते रखडले, संस्थांना पदरमोड झेपेना. २०१५ च्या सुमारास देशात या योजनेची तेवीस हजारांच्या घरात पाळणाघरं होती. २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. हजारो वस्त्यांतली दारं बंद झाली आणि कुठे मोर्चा निघाला नाही, कारण त्या दारांत उभ्या राहणाऱ्या बायका कामावर होत्या.

२०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्ती कार्यक्रमाखाली ही योजना 'पाळणा' या नावानं नव्यानं आली. अंगणवाडीतच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची, महिन्याचे २६ दिवस रोज साडेसात तास चालवायचं, आणि देशात अशी १७ हजार केंद्रं करायची, असा संकल्प झाला. कल्पना उत्तम आहे. पण २०२५ च्या सुरुवातीला मंजुरी अकरा हजारांहून अधिक केंद्रांना होती आणि प्रत्यक्षात चालू होती दोन हजारांच्या आत. मंजुरीचा कागद आणि उघडं दार यांच्यात एवढं अंतर पडलं आहे.

सांभाळणारीचा पगार

या सगळ्यात एक बाई नेहमी नजरेआड राहते: मूल सांभाळणारी. जुन्या पाळणाघर योजनेत सेविकेला महिन्याला तीन हजार आणि मदतनिसाला दीड हजार मानधन होतं. पंचवीस लहान मुलांची शी-शू, भरवणं, झोपवणं, पडली-झडली तर धावणं आणि वर नोंदवह्या भरणं. मानधन हा शब्द लावला की किमान वेतन द्यावं लागत नाही. अंगणवाडी सेविका कित्येक वर्षं रस्त्यावर उतरून याच प्रश्नावर भांडत आहेत.

खासगी पाळणाघरातही वेगळं नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि राज्य हादरलं. त्या क्रौर्याला क्षमा नाही, शिक्षा व्हायलाच हवी. पण नुसत्या कॅमेऱ्यांनी पाळणाघर सुरक्षित होत नाही. मुलांमागे पुरेशी माणसं, त्यांना प्रशिक्षण, ताण हलका करणारी सुट्टी, टिकून राहावंसं वाटेल असा पगार आणि नियमित तपासणी, यांनी ते होतं. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. पालकांना परवडणारी फी आणि ताईला जगता येईल असा पगार, या दोन टोकांमधली फट आईच्या पर्समधून भरून निघत नाही. तिथे तिसऱ्याचा, म्हणजे सरकारचा हात लागतोच.

अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं एक वाट दाखवली आहे. तिथे संगिनी ही बालसेवा देणाऱ्या बायांचीच सहकारी संस्था आहे. पाळणाघरांच्या वेळा बाजारातल्या, शेतातल्या, कारखान्यातल्या बायकांच्या कामाप्रमाणे ठरतात. आया थोडी फी देतात, सांभाळणाऱ्या ताया संस्थेच्या मालकीण असतात. सहकाराचं माहेर मानल्या जाणाऱ्या महाराष्ट्रात साखरेच्या, दुधाच्या, सुताच्या संस्था झाल्या. पाळणाघरांची अशी चळवळ मात्र उभी राहिली नाही.

परदेशातले मराठी आणि आजी-आजोबांच्या पाळ्या

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेच्या वयापर्यंत, दोन्ही पालक कमावते असतील तर आठवड्याला ३० तासांचा सांभाळ वर्षातले ३८ आठवडे सरकारी खर्चानं मिळतो. शिवाय पालकांनी बालसंगोपनाच्या खात्यात ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालतं, मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. पण तिथे कुशल कामगार व्हिसावर गेलेल्या अनेक मराठी जोडप्यांना हे लागू होत नाही. त्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न वापरण्याची अट असते, आणि दोघांपैकी एकाला तरी तो हक्क असल्याशिवाय या सवलती मिळत नाहीत. कर भरायचा पूर्ण, पाळणाघराचा खर्चही पूर्ण. मग सहा महिने हिच्या आईवडिलांनी जायचं, पुढचे सहा महिने त्याच्या. सांगलीचं किंवा साताऱ्याचं घर कुलूपबंद ठेवून साठी-पासष्टीचे आजी-आजोबा थंडीत बाबागाडी ढकलतात. ते प्रेमानं जातात, यात शंका नाही. पण त्या प्रेमावर दोन देशांच्या अर्थव्यवस्था फुकट चालतात, हेही खरं.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर फीची पाळणाघरं सुरू केली. स्वीडननं २००२ मध्ये कमाल फी बांधून दिली: पहिल्या मुलासाठी घरच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपर्यंत, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी एक. फी किती हे पाळणाघर कुठलं आहे यावर न ठरता घरची ऐपत किती यावर ठरते. श्रीमंत देशांचं सोडा, असं कुणी म्हणेल. मग शेजारचं कर्नाटक पाहावं. तिथे २०२३ पासून 'कूसिन मने' योजनेत चार हजार ग्रामपंचायतींत गावपातळीवरची पाळणाघरं हाती घेतली गेली आणि रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळण्याचं काम गावातल्याच बायकांना देण्यात आलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका बाईला त्यांना सांभाळण्यासाठी नेमून मजुरी द्यायची तरतूद होती. कर्नाटकानं त्यातून व्यवस्था उभी केली.

महाराष्ट्राला परवडेल का?

एक हिशेब मांडून पाहू. पंचवीस मुलांचं एक पाळणाघर. एका सेविकेला १५,००० आणि दोन मदतनिसांना प्रत्येकी १२,००० धरू, म्हणजे ३९,००० रुपये. मुलामागे दिवसाला २५ रुपयांचा आहार, २६ दिवसांचे १६,२५०. भाडं, वीज, स्वच्छता, औषधं, खेळणी मिळून १२,०००. महिन्याचा खर्च झाला ६७,२५० रुपये, म्हणजे मुलामागे साधारण २,७०० रुपये. वर्षाला एका पाळणाघराचे आठ लाख सात हजार. राज्यात अशी दहा हजार पाळणाघरं चालवायची तर वर्षाला ८०७ कोटी, आणि मुलं अडीच लाख.

आता हे शेजारी ठेवा: मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी राज्यानं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद केली. दहा हजार पाळणाघरांचा खर्च त्याच्या सव्वादोन टक्के होतो. लाडकी बहीण काढून घ्या असं मी म्हणत नाही. महिन्याचे १,५०० रुपये अनेक घरांत औषधाला, वहीला, गॅसला उपयोगी पडतात आणि बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात, याचं मोल आहे. पण त्या पैशात पाळणाघर विकत घेता येत नाही, कारण तिच्या वस्तीत ते मुळात नाहीच. रोख मदत आणि प्रत्यक्ष सेवा या दोन्ही लागतात. आणि पाळणाघर मिळालेली बाई महिन्याला १,५०० हून बरंच अधिक स्वतः कमावू शकते.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं विनामोबदला घरकाम करतात, पुरुष ९७ मिनिटं. माणसं सांभाळण्यात त्यांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. हा सगळा वेळ कुठल्याच सकल उत्पन्नात धरला जात नाही. म्हणून पाळणाघरावरचा पैसा सरकारला खर्च वाटतो आणि पाळणाघर नसल्यानं होणारं नुकसान दिसत नाही.

राज्यानं चार गोष्टी करायला हव्यात. मंजूर झालेली अंगणवाडी-पाळणाघरं पूर्ण वेळ चालू करावीत आणि सेविकांना किमान वेतन द्यावं. बांधकाम मंडळाच्या निधीतला ठरावीक हिस्सा कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी राखून ठेवावा. साखर कारखान्यांच्या हंगामात तळांवर पाळणाघर ही गाळप परवान्याची अट करावी. आणि शहरांतल्या नोकरदार कुटुंबांसाठी, आस्थापना पन्नासाची असो की पाचाची, उत्पन्नानुसार फीची सवलत थेट कुटुंबाला मिळावी. मदत मुलाच्या मागे जायला हवी. मालकाचा हजेरीपट केवढा आहे, याच्याशी त्या मुलाचा काय संबंध?

आणि वाचकांनो, हे सगळं होईपर्यंत जे हातात आहे ते सोडू नका. तुमच्या कार्यालयात पन्नास माणसं असतील तर पाळणाघराची सोय कुठे आहे आणि फीत कंपनीचा वाटा किती, हे लेखी विचारा. नवऱ्यांनीही विचारा, कारण मूल तुमचंही आहे आणि पन्नासांत तुम्हीही मोजले जाता. लहान आस्थापना असेल तर शेजारच्यांना गाठून सामाईक पाळणाघराचा प्रस्ताव द्या. ग्रामसभेत 'आपल्या अंगणवाडीला पाळणाघर मंजूर आहे का, आणि असेल तर सुरू का नाही' हा प्रश्न ठरावात लिहून घ्या. गृहसंस्थेच्या सभेत, घरकामाला येणाऱ्या बायांच्या मुलांसाठी एक खोली देता येईल का, याचा विचार करा. घरी तो हिशेब मांडाल, तेव्हा पाळणाघराची फी दोघांच्या पगारातून वजा करा. मत मागायला दारात येणाऱ्याला रस्ता आणि पाणी विचारता, तसंच आमच्या प्रभागात किती पाळणाघरं देणार, हेही विचारा. मूल सांभाळण्याचा खर्च साऱ्या समाजाचा आहे, आणि तो सरकारी अर्थसंकल्पातच लिहिला गेला पाहिजे.